निळाच राहिलेला रुमाल

"निळा राहिला! रुमाल निळाच राहिला!"

खोलीभर बायकांचा एकच गलका. कुणी निळताईच्या पाया पडलं, कुणी माझ्या. माझी लेक मात्र भिंतीला टेकून होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा.

तिला तिसरा महिना. पाण्याचा घोटही पोटात ठरेना. निळताई माझी रोजच्या जपाची सोबतीण. माझ्या कुंपणावरची गोकर्णाची फुलं ती रोज देवासाठी न्यायची. परवा तिने लेकीच्या तोंडाशी निळा रुमाल धरला. उलटी लागताच तो गुलाबी झाला.

"बाळावर सावली आहे गं! रुमाल निळा राहीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. सावलीलाच उपाशी मारू!"

आज तो निळा राहिला, आणि निळताईकडून घरी परतताना लेक जिन्यातच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन लावलं. मी रुमाल दाखवला, सावलीचं सांगितलं.

"मावशी, पिशवीत लिंबू कशाला?"

"माझा उपास आहे. सरबताला."

त्यांनी ते रुमालाच्या कोऱ्या कोपऱ्यावर पिळलं. कोपरा गुलाबी!

"आता या लिंबावरही सावली पडली का?"

मला हसू आलं नाही.

"गोकर्णाचा रंग हा. आंबट लागलं की बदलतो. पोटातला रस आंबटच असतो, तुमचा काय नि माझा काय."

"मग आज निळा कसा राहिला?"

"पोट पार रिकामं झालं. आतड्यातला हिरवा रस वर आला, तो आंबट नसतो. तुम्ही आनंदाने ओरडलात तेव्हा पोरगी हातची चालली होती. इतक्या उलट्या होणं हा आजार आहे, मावशी. आईच्या अंगातलं पाणी आटतं, बाळाची वाढ खुंटते. पण यावर औषध आहे."

"बाळ?"

"ठोके आहेत."

संध्याकाळी निळताई दवाखान्यात आली. मी रुमाल पुढे केला. "देवासाठी म्हणून नेलेली माझीच फुलं ना ही?"

तिने मान वळवली. "श्रद्धा कमी पडली तुझी."

जन्मभर उपास करणाऱ्या मला ती हे म्हणाली! मी दार दाखवलं.

माझा जप चालू आहे, उपासही. पण ते माझे. पोटुशीवर लादायचे नाहीत. उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, तर बायांनो, कुणाचा रुमाल बघू नका. दवाखाना गाठा. कुठलाही देव पोटातल्या बाळाला उपाशी ठेवा म्हणत नाही. म्हणतात ती माणसंच.