चार चेहऱ्यांचा खांब

मित्रांनो, मला बघून हसू नका. माझ्या अंगावर आधीच दोन हसरे चेहरे आहेत, तेवढे पुरे! मी कंबरेएवढ्या उंचीचा एक खांब आहे. पडून पडून जुना झालोय, पण माझ्या माथ्यावरची चार बटणं अजून शाबूत आहेत. पहिलं हिरवं, तोंडभर हसणारं. दुसरं पोपटी, बेतानं हसणारं. तिसरं नारिंगी, तोंड पाडलेलं. चौथं लाल, अगदी रडवेलं. वर पाटी होती, 'आजचा दिवस कसा गेला?' घरी जाताना एक बटण दाबायचं, बस्स. नाव नको, गाव नको.

माझं स्वतःचं गाव चँडलर, सातासमुद्रापार, वाळवंटातलं. इथं जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. इथल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिप बनतात. आत धुळीचा कण चालत नाही, म्हणून माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालतात. दिवसभर कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, दिसतात फक्त डोळे. म्हणून देवयानीनं मला आणलं. ती कंपनीची मानसशास्त्रज्ञ. मशीन अडलं की इंजिनियर बघतो, तशी कामावरची माणसं थकली, रुसली, आतल्या आत कुढायला लागली की ती बघते. तिनं माझं खोकं स्वतः उघडलं, मला फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "यांच्या मनातलं मला सांगशील ना रे?" मी तिथंच विरघळलो.

तिनं मला सूट उतरवायच्या खोलीत उभं केलं, कारण प्लग तिथंच होता. समोरच मॅनेजर नकुलची काचेची केबिन होती आणि कोण कुठलं बटण दाबतं ते तिथून दिसायचं, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

सुरुवातीला लोक मनापासून बटण दाबायचे. कुणी पोपटी, कुणी नारिंगी. एकानं तर रागाच्या भरात लाल बटण सात वेळा बडवलं. दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. पण ते खरं होतं हो! मग नकुलनं जाहीर केलं, "आठवडाभर सगळी हिरवी आली, तर शुक्रवारी टीमला पिझ्झा." नकुल वाईट नाही, उलट फार हौशी माणूस. पण तिथंच माशी शिंकली. कुणाचं बोट लालकडे वळलं, की मागून आवाज यायचा, "ए यार, पिझ्झा घालवतोस काय!" अकरा आठवडे मी हिरवागार होतो. कंपनीच्या पत्रकात माझा फोटो छापून आला. मी फुगलो. मूर्ख कुठला!

या टीममध्ये नागपूरचा त्र्यंबक होता. चार वर्षांपूर्वी कामाच्या व्हिसावर आलेला, गप्पिष्ट. त्या महिन्यात मात्र तो सूट उतरवून बाकावर नुसताच बसायचा. मग माझ्यापाशी येऊन बोट लाल बटणावर धरायचा. तो काचेकडे बघायचा आणि हिरवं दाबून निघून जायचा. मित्रांनो, मला सगळं कळत होतं आणि मी रोज देवयानीला सांगत होतो, 'त्र्यंबकची टीम आनंदात.' मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. याची लाज मला आजही वाटते.

एका सोमवारी देवयानी आकडे बघून नकुलला म्हणाली, "पन्नास माणसं, अकरा आठवडे, सगळी खूश? अरे, माझ्या लग्नात एवढी माणसं खूश नव्हती!" ती त्याच्या केबिनमधून उठली आणि बाकावर येऊन बसली. शिफ्ट सुटली. त्र्यंबकनं रोजच्यासारखंच केलं, लालवर बोट, मग हिरवं.

"कसा आहेस?" तिनं विचारलं.

"मजेत. ऑल गुड."

एरवी इथं गोष्ट संपते. माणसं 'छान' म्हणतात आणि निघतात. देवयानी हलली नाही. बाकावर थोडी सरकली आणि म्हणाली, "बरं. ते झालं म्हणायचं. आता बस आणि खरं सांग."

तो बसला. हातातल्या टोपीची घडी केली, पुन्हा मोडली. मग एकदम त्याचा बांध फुटला. "बाबांचं बुधवारी ऑपरेशन आहे. हार्टचं. आई एकटी आहे तिकडं. मी लीव्ह मागितली नाही. वाटलं, नवं मशीन बसतंय, सगळे म्हणतील हा ऐन वेळी पळाला. परत येताना व्हिसात अडकलो तर? रोज ठरवतो, आज सांगू." आणि रडता रडताच तो हसला. "त्यात माझ्यापायी सगळ्यांचा पिझ्झा कॅन्सल!"

नकुल दारात येऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "अरे वेड्या, मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस?" देवयानी म्हणाली.

"रोज विचारतो की! हा खांब कशाला लावलाय?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

नकुल त्र्यंबकसमोर खाली बसला, थेट फरशीवर. "आज निघ तू. मशीन मी बघतो. व्हिसाचे कागद उद्या वकिलाकडे देतो. बाबा एकच आहेत, यार." त्र्यंबक त्याच संध्याकाळी निघाला. बुधवारी, बाबांना आत नेण्याआधी तासभर, तो त्यांच्या उशाशी पोचला. बाबा वाचले.

माझा प्लग दुसऱ्याच दिवशी निघाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण देवयानीनं मला टाकून दिलं नाही. शेजारच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. इथून बाकावरचं बोलणं ऐकू येतं. नकुल आता शिफ्ट सुटली की तिथं येऊन बसतो. सुरुवातीला त्याला काय बोलावं तेच सुचायचं नाही, बिचारा हवामानावर बोलायचा. आता लोक त्याच्याशी मोकळेपणानं भांडतातसुद्धा.

मित्रांनो, तुमचे आईबाबाही दमून घरी येतात. त्यांना विचारा, "आजचा दिवस कसा गेला?" ते म्हणतील, "छान." तेव्हा लगेच खेळायला पळू नका. त्यांच्याजवळ जरा बसून राहा.