ब्रेक दाबला की सरिताबाई बोलतात

टक्.

ऐकलंत? तो मीच. मी रिले. काड्यापेटीहून जरा जाड, काळा, चौकोनी, खाली चार पितळी पाय. मी गाडीत असतो हे गाडीच्या मालकालाही ठाऊक नसतं, पण काही बिघडलं की सगळ्यात आधी माझंच नाव निघतं. म्हणून म्हटलं, आपली बाजू एकदा आपणच मांडावी.

माझं काम सोपं आहे. बटणातून येणारा करंट नाजूक असतो. त्याच्यावर मोठा भोंगा किंवा मोठे दिवे चालवले तर बटणच जळतं. म्हणून तो बारका करंट माझ्याकडे पाठवतात. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. करंट त्याच्या एका टोकानं आत आला आणि दुसऱ्या टोकानं बाहेर गेला, की मी लोहचुंबक होतो, टक् करून एक पट्टी ओढतो आणि मोठ्या करंटला वाट करून देतो.

करंट कुठल्या टोकानं आला हे मी विचारत नाही. डावीकडून या, उजवीकडून या, मी ओढतोच. फक्त दोन्ही टोकांनी एकदम आला, तर दारात दोघं समोरासमोर अडकावेत तसं होतं आणि मी गप्प बसतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीटसं आठवत नाही. एका बाईनं मला बारा व्होल्ट दिले, टक् ऐकलं, ‘पास’ म्हणाली आणि खोक्यात टाकलं. आयुष्यात दिलेली ती एकच परीक्षा, आणि मी पहिल्या झटक्यात पास झालेला आहे. नंतर जे आरोप झाले ते ऐकताना हे विसरू नका.

तिथून मी रायपुरात आलो, बूढापाऱ्यातल्या एका गल्लीत, गाड्या सजवायच्या सामानाच्या दुकानात. शेजारी कुत्र्यासारखे भुंकणारे हॉर्न होते, बाळासारखे रडणारे हॉर्न होते आणि पाण्यात पडल्यावरही लुकलुकत राहणाऱ्या पट्ट्या होत्या. माणसाला गाडीपेक्षा गाडीचा आवाज मोठा का लागतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. गिऱ्हाईक हॉर्न निवडायला अर्धा तास लावायचं आणि मला न बघताच पिशवीत टाकायचं. मला वाईट वाटायचं. का वाटू नये?

एक दिवस लहानू मेश्राम दुकानात आले. रेल्वेच्या डब्यांमधल्या दिव्या-पंख्यांचे फिटर, चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी मला उचललं, कानाशी धरून हलवलं आणि माझे चारही पाय मोजले. इतक्या आपुलकीनं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“भैया, फिट करवा दूँ?” दुकानदारानं विचारलं.

“चौतीस साल वायरिंग किया हूँ मैं,” लहानूजी म्हणाले. “मेरे को फिट करवा के दोगे?”

मी खूश झालो. खरं म्हणजे तिथेच घाबरायला हवं होतं.

लहानूजींच्या पत्नी सरिताबाई. त्यांच्या हातचा पाटोडी-रस्सा खाण्यासाठी नागपूरचे पाहुणे मुक्काम वाढवायचे. मुलगी रुचिता बँकेत लागली, घर रिकामं झालं, तेव्हा सरिताबाईंनी ठरवलं की आता आपलं काहीतरी करायचं. जुनी व्हॅन घेतली, मागे शेगडी बसवली. तेलीबांध्याच्या एका सोसायटीच्या फाटकाशी एकाच खाण्याच्या गाडीला जागा मिळणार होती. एका रविवारी मोमोवाल्याची चाचणी आणि पुढच्या रविवारी सरिताबाईंची. बाईंनी त्या जागेचा ध्यास घेतला होता.

“तू फकत सयपाकाचं पाह्य,” लहानूजींनी छातीवर हात ठेवला. “गाडीची वायरिंग माह्याकडं.”

त्यांची कल्पना अशी होती. संध्याकाळी गाडीचे पार्किंगचे दिवे लावले की आपोआप गाडीवरची नावाची पाटी उजळावी आणि छतावरच्या भोंग्यातून सरिताबाईंची हाक ऐकू यावी. एक बटण, दोन कामं. आणि मधला दुवा मी.

हाक घरातच मोबाईलवर रेकॉर्ड करून भोंग्यात भरली. “या हो या! गरमागरम पाटोडी-रस्सा, झुणका-भाकर, सरिताबाईच्या हातची!” सुरेख झाली. फक्त लहानूजींनी नंतर रेकॉर्डिंग बंद केलं नाही. त्यामुळे पुढचंही भरलं गेलं: “झालं ना माहं? आता बंद करा ना ते! काहून पाहून राहिले माह्याकडं? रेल्वे कशी चालवली म्हंते मी, एक बटन दाबता येत नाही या मानसाले!” हे शेपूट कुणी ऐकलंच नाही. पहिलं वाक्य झाल्याबरोबर लहानूजी कौतुकानं “एक नंबर!” म्हणून थांबवायचे.

मग माझी वायरिंग झाली. मागच्या दिव्याशेजारी, पत्र्याच्या आड मला स्क्रूनं बसवलं. माझ्या वेटोळ्याचं एक टोक पार्किंगच्या दिव्याच्या वायरला जोडलं. बरोबर. दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लावायचं असतं. जगातला कुठलाही गाडीमिस्त्री तेच करतो, कारण गाडीत करंट पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जातो.

पण रेल्वेच्या डब्यात तसं नसतं. तिथे परतीसाठी वेगळी वायर असते आणि डब्याच्या अंगात करंट उतरला तर तो दोष मानतात. चौतीस वर्षं लहानूजींनी तेच शोधून शोधून काढलं होतं.

“बॉडीत करंट सोडू? म्या?” ते एकटेच पुटपुटले. कुणीतरी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखे.

भोंग्यासाठी त्यांनी बॅटरीपासून दोन वायरी ओढल्या. माझ्यासाठी तिसरी ओढायची तर वायर हातभर कमी पडली. मग त्यांनी मागच्या दिव्याच्या जुडग्यात हात घातला आणि आपला तपासायचा दिवा लावून परतीची वायर शोधली. एका वायरवर दिवा लागला. “हेच रिटर्न,” ते म्हणाले आणि मला तिथे डकवून टाकलं.

ती ब्रेकच्या दिव्याची वायर होती. ब्रेक मोकळा असेल तेव्हा त्या दिव्याच्या तारेतून करंट परत जातो, म्हणून तपासणीचा दिवा लागला. मी जीव तोडून सांगत होतो. पण मला एकच शब्द येतो, टक्.

अंगणात चाचणी झाली. पार्किंगचे दिवे लावले, पाटी उजळली, हाक आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या गाडीचा ब्रेक कोण कशाला दाबेल?

रविवारी सकाळी निघालो. दिवसाउजेडी, म्हणजे दिवे बंद. लहानूजी गाडी चालवायला, शेजारी सरिताबाई मांडीवर रश्श्याचं पातेलं धरून, मागून स्कूटीवर रुचिता. गल्लीच्या तोंडाशी गाय आडवी आली. लहानूजींनी ब्रेक दाबला. करंट माझ्यात उलट्या टोकानं शिरला. मी काय करणार? टक्.

“या हो या! गरमागरम पाटोडी—”

गाय बाजूला झाली, ब्रेक सुटला, हाक थांबली.

“आवो, मी काहून बोलून राहिली?” सरिताबाईंनी दचकून विचारलं.

“रिले चिपकला असन,” लहानूजी म्हणाले. उतरले, मागे आले आणि पान्याच्या दांड्यानं माझ्या डोक्यावर दोन ठोके दिले. चिकटलो असतो तर थांबलो कसा असतो? पण ठोकणारा माणूस विचार करत नाही.

प्रत्येक गतिरोधकावर “या हो या!” झालं. तेलीबांध्याच्या सिग्नलला लाल दिवा लांबला आणि ब्रेकवरचा पायही. मग तिथे उभ्या असलेल्या सगळ्या रायपूरकरांनी शेपटासकट ऐकलं की या माणसाला एक बटण दाबता येत नाही. शेजारच्या ऑटोतल्या आजीनं लहानूजींकडे फार दयेनं पाहिलं.

रुचिता स्कूटी पुढे घेऊन ओरडली, “पापा, आप ब्रेक मारते हो तभी मम्मी बोलती है!”

“ब्रेकचा न् रिलेचा काय संबंध? रिलेच खराब हाये. बदलतो मी, फेकतो!”

फेकतो! पहिल्या झटक्यात पास झालेल्याला! मी इतका तापलो की माझं प्लास्टिक मऊ पडेल असं वाटलं.

सोसायटीचं फाटक दिसलं. चौकीदारानं लांबूनच सांगितलं, “भैया, अंदर भोंपू-बाजा एकदम मना है. मोमोवाला इसी में कटा है.”

सरिताबाईंचा चेहरा उतरला. मग त्या हळूच म्हणाल्या, “मले हे जागा पायजे होती वो.” एवढंच. लहानूजी गडबडले. घाईत बटणं चाचपताना त्यांच्याकडून पार्किंगचे दिवे लागले, त्याच क्षणी पायही ब्रेकवर पडला. दोन्ही टोकांनी एकदम करंट आला आणि मी गप्प.

“पाह्य! झालं बरोबर,” लहानूजी म्हणाले. उतारावरून, ब्रेकवरचा पाय न उचलता, गोगलगायीसारखी गाडी आत नेली आणि इंजिन बंद केलं. पाय मात्र तिथेच. दिवे लागलेले, ब्रेक दाबलेला आणि तरी भोंगा गप्प, एवढ्यावरून चौतीस वर्षांच्या फिटरला काय चुकलंय ते कळलं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरी कौमुदीताई पुढे आल्या. मूळच्या सांगलीच्या, बदली होऊन रायपुरात आलेल्या. सरिताबाईंनी भराभर ताटल्या मांडल्या. कौमुदीताईंनी रस्सा चाखला, डोळे पुसले आणि आणखी मागितला. सगळं उत्तम चाललं होतं.

“काका, तुम्ही का बसून? खाली या की,” त्या म्हणाल्या.

“नाही, मी बरा हाये इथं.”

“आवो, उतरा ना. भाकरी थापायच्या हायेत, शेगडी कोन पेटवन?” सरिताबाई म्हणाल्या.

“उतरलो त तू बोलशीन.”

“मी त आताबी बोलूनच राहिली!”

सगळे हसले. लहानूजी हसले नाहीत. मागे रुचिता उभी होती. तिनं मागचे दिवे पाहिले, आतला पाय पाहिला आणि सगळं ओळखलं. पण बापाला वेळ दिला. मुलगी फार गुणाची आहे.

लहानूजींनी स्टिअरिंग घट्ट धरलं. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही दोष लागला नव्हता. मी श्वास रोखून होतो. रिलेला श्वास नसतो, तरी.

“सरिता,” ते म्हणाले, “वायर म्या चुकवली. रिटर्न म्हनून ब्रेकच्या वायरले लावली. रिले चांगला हाये. चूक माही हाये. आता पाय काढतो न् तुही जागा जाते. माफ कर मले.”

त्यांनी पाय काढला. टक्. भोंग्यातून सरिताबाई कडाडल्या, पाटोडीपासून थेट “एक बटन दाबता येत नाही या मानसाले” पर्यंत. मग रुचितानं हात आत घालून दिवे बंद केले.

सरिताबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. “तीस वर्सांत पयल्यांदा,” त्या कौमुदीताईंना म्हणाल्या. “तुमी आयकलं ना? साक्षीदार रहा.” पदर डोळ्यांना लावला होता. रश्श्याचा तिखटपणा असेल.

कौमुदीताईंनी ताटली पुढे केली. “भोंगा आज काढा. उद्यापासून या.”

तिथेच भोंगा उतरवला. मग लहानूजी माझ्याकडे आले, ब्रेकच्या वायरपासून मला सोडवलं, पत्र्यावरचा रंग पॉलिशपेपरनं खरवडला आणि एक क्षण डोळे मिटून माझी वायर गाडीच्या अंगाला बोल्टनं आवळली. डोक्यावर ठोके दिले होते तिथे अंगठ्यानं पुसलं. मी पाघळलो, खोटं कशाला बोलू?

आता मी रोज संध्याकाळी एकदाच टक् करतो आणि पाटी उजळते. तेवढंच काम. सुखात आहे.

त्या दिवशी जाताना लहानूजींनी माझ्या शेजारी पांढरी चिकटपट्टी लावली. रेल्वेत दोष दुरुस्त झाला की कारण आणि सही लिहितात, तसं मार्करनं लिहिलं: ‘रिले बरोबर. दोष फिटरचा. ल. मेश्राम.’ शेगडीच्या धगीनं त्या पट्टीचा एक कोपरा सुटत चाललाय. मला हात नाहीत. तुम्ही कधी पाटोडी खायला आलात, तर कृपा करून मागचा पत्रा उघडा आणि तेवढा कोपरा दाबून द्या.