पाठीवरचा हळदीचा हात

मी एक जुनी गिटार आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, दिसायला मी काही धड नाही. पुढून माझा रंग खरवडलेला आहे, कडेने चंदेरी ठिपके राहिले आहेत आणि मागून तर मी एखाद्या गॅलरीच्या चंदेरी ग्रिलसारखी दिसते. आमच्या ठाकुर्लीच्या घरी येणारे पाहुणे मला बघून विचारतात, "ही अजून भंगारात नाही दिली?" पूर्वी हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता दिसण्याची लाज वाटत नाही. लाज उरली आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका कारखान्यातला. मी विजेवर बोलणारी गिटार. वायर लावून ॲम्प्लिफायरला जोडलं नाही, तर माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. लालभडक रंगाची मी मुंबईच्या एका दुकानात काचेमागे भाव खात उभी होते, तेव्हा विनीत आठल्ये नावाचा कॉलेजातला मुलगा मला घेऊन गेला. त्याच्या वडिलांनी मला पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "निदान सतार तरी आणायचीस!"

विनीतचा जिवाभावाचा मित्र देवराम. तो कल्याणजवळच्या मोहन्याचा. त्याचे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला होते. देवराम ड्रम वाजवायचा, आणि ड्रम नव्हते तेव्हा रिकामी पिंपं बडवायचा. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की दोघांची तालीम सुरू व्हायची, म्हणून त्यांनी आपल्या बँडचं नावच 'भोंगा' ठेवलं. विनीतने ते नाव कंपासच्या टोकाने माझ्या छातीवर कोरलं. दुखलं, पण मी ते मिरवलं.

मराठीत कुठे रॉक असतं का, म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. मग 'पत्र्यावरचं ऊन' आलं. 'पत्र्यावरचं ऊन माझ्या डोक्यात शिरलंय' असं विनीत गाऊ लागला की कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या गॅदरिंगांमध्ये पोरं खुर्च्यांवर चढायची. कॅसेट निघाली. डोंबिवलीत रिक्षावालेसुद्धा ती लावायचे. ते दिवस आठवले की अजून माझ्या तारा ताठ होतात.

पण लोकांचे कान किती दिवस एकाकडे राहणार? नवी गाणी आली, आमची आमंत्रणं आटली. एका संध्याकाळी देवराम म्हणाला, "विन्या, आपण हळदीचे कार्यक्रम घेऊया का रे? बेंजो पार्टीवाले विचारत होते मला. वाजवायला तरी मिळेल."

आमच्याकडच्या आगरी गावांमध्ये लग्नाआधी हळदीला मांडवात अख्खं गाव नाचतं. त्या नाचाला वाजवणारी मंडळी म्हणजे बेंजो पार्टी. देवरामला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. विनीतला मात्र झोंबलं.

"हळदीत वाजवायची वेळ आली ना, तर ही गिटार मी चुलीत घालीन," तो म्हणाला. "तुला जायचं तर जा. पण तिथे 'भोंगा'चं नाव सांगू नकोस. लाज जाईल आपली."

काठ्या पिशवीत घालून देवराम निघून गेला, तो परत आला नाही. त्याने ड्रम विकले आणि एका कंपनीत लागला, असं पुढे कानावर आलं. मी भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते. त्या चुलीच्या शब्दाने मला तेव्हा बरंच वाटलं होतं. मी केवढी मोठी, असं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी विनीतची नोकरी गेली. सुमेधाशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तीही शाळेत तात्पुरतीच होती. कल्याणच्या एका वाद्यांच्या दुकानात तो माझी तार बदलायला गेला होता. तार लावून त्याने सहज बोटं फिरवली, तर मागून आवाज आला, "दादूस, मना तुजा हात आवरला. माझ्या पार्टीत येतंस का?" दादूस म्हणजे दादा, आणि आवरला म्हणजे आवडला; बोलणारे होते दगडूशेट, बेंजो पार्टीचे मालक. विनीतने हो म्हटलं, आणि घरी येऊन त्याने जे केलं ते ऐका. शेजाऱ्यांच्या ग्रिलचा उरलेला चंदेरी ऑइलपेंट आणला आणि मला पुढून-मागून फासून टाकला. कोणी मला ओळखू नये, म्हणून. छातीवरचं 'भोंगा' बुजलं. स्वतःसाठी त्याने एक टोपी घेतली, तिची कड भुवयांवर येणारी.

पहिलीच हळद बाळकुमला होती, दुसऱ्याच दिवशी. ऑइलपेंट कुठला एवढ्यात सुकतोय? विनीत मला पोटाशी उलटी धरून मांडवाच्या कोपऱ्यात तोंड लपवून उभा होता. तेवढ्यात त्या घरची म्हातारी आजी हळदीचं ताट घेऊन आली. "पयली हलद वाजाला, मंग नवऱ्याला," असं म्हणत तिने प्रत्येक वाद्याला हळद लावली. त्या घरची रीत होती ती. माझ्या पाठीवर तिने सगळा तळवा टेकवला आणि उचलला, तो रंगासकट. पाच बोटांचा ठसा जसाच्या तसा उमटून राहिला. आजी आपल्या चिकट हाताकडे बघतच राहिली. दगडूशेट पोट धरून हसले. "दादूस, जरा सुकवून तरी आनायची!"

विनीत शरमेने अर्धा झाला. कोणी ठसा बघू नये म्हणून त्याने मला घाईघाईने सुलटी केली.

मग कितीतरी हळदी झाल्या. कोलशेतला एकदा बायकांनी फर्माईश केली, "पत्र्यावरचं ऊन वाजवा!" विनीतने टोपी आणखी खाली ओढली. "मला नाही येत," तो म्हणाला.

"सोपा हाय रं," दगडूशेट म्हणाले, "मी शिकवतो." आणि त्यांनी विनीतला त्याचंच गाणं सूर सूर करून शिकवलं. विनीत मान डोलवत शिकला. मित्रांनो, त्या वेळी एखादी तार तोडून घ्यावी असं मला वाटलं.

पण गाणं सुरू झालं आणि गंमत झाली. दुसरं कडवं संपलं तरी बायका थांबायला तयार नव्हत्या. त्या गोल धरून नाचतच राहिल्या. तेव्हा विनीतच्या बोटांनी, त्याला न विचारता, एक वळण घेतलं. ते कॅसेटमध्ये नव्हतं, कुठेच नव्हतं. खाली झुकून, गिरकी घेऊन, हसत हसत वर येणारं. कॉलेजांच्या स्टेजवर मी कधी इतकी सुंदर बोलले नव्हते. मला ती हळद फार फार आवडली, आणि आवडल्याची लगेच लाजही वाटली. धन्याचं वळण तसं माझं.

सुमेधा शाळेत कायम झाली, तसं विनीतने दगडूशेटना न सांगताच जाणं सोडलं. त्याने मुलांना गिटार शिकवण्याचा क्लास काढला, तोही दुसऱ्या गिटारवर. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. तारांना गंज चढला, झुरळांनी पोटात घर केलं. विसरला असता तर बरं, असं वाटे. विसरल्याचं दुःख असतं, पण आपल्याला लपवून ठेवलंय हे कळतं तेव्हा आतून पोखरायला होतं.

परवा-परवा फोन आला. नव्वदच्या काळातल्या ठाण्याच्या पोरांवर सिनेमा निघतोय, त्यात 'भोंगा'ची गाणी हवीत. जुन्या कॅसेटचे हक्क कोणाकडे आहेत याचा काही पत्ता लागेना, म्हणून गाणी नव्याने वाजवून रेकॉर्ड करायची होती. विनीतने मला खाली काढलं, नव्या तारा घातल्या आणि थिनर घेऊन खसाखसा पुढचा चंदेरी रंग काढला. खालून लाल रंग आणि 'भोंगा' वर आलं.

"मागचाही काढा ना," सुमेधा म्हणाली. विनीतचे हळदीने माखलेले शर्ट तिनेच धुतले होते. तिला सगळं ठाऊक होतं.

"पाठ कोण बघतंय?" विनीत म्हणाला.

स्टुडिओ माजिवड्याला. देवराम आधीच येऊन बसला होता. केस पांढरे, हात जाडेभरडे. इतक्या वर्षांनी भेटलेले दोन मित्र मिठी मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हात मिळवले आणि दोघेही दुसरीकडे बघू लागले.

सिनेमाचं संगीत बघणारी मुलगी होती रसिका. हुशार, पटपट बोलणारी, मूळची कोलशेतची. 'पत्र्यावरचं ऊन' वाजवून झालं. देवरामचे हात सुरुवातीला अडखळले, मग बसले. रसिकाने कानावरचे हेडफोन काढले.

"सर, एकदम मस्त. पण ते कुठेय?"

"ते म्हणजे?"

"दुसऱ्या कडव्यानंतरचं." आणि तिने गुणगुणून दाखवलं. ते वळण! माझ्या तारा आपोआप थरथरल्या.

"ते आमच्या गाण्यात नाहीये," विनीत म्हणाला.

"असं काय करता सर! माझ्या आत्याच्या हळदीला ऐकलंय मी. टोपीवाले काका होते एक, चंदेरी गिटारवाले. गावात अजून सगळे ते गुणगुणतात. राग नका मानू हां, पण कॅसेटवालं गाणं जरा कोरडंच आहे. त्यात जीव आणला तो टोपीवाल्यांनी."

देवराम हसला. "बघ विन्या, हळदीतल्या कोणीतरी आपलं गाणं सुधारलं."

"तुम्ही ट्राय करता का सर?" रसिकाने विचारलं.

विनीतने बोटं ठेवली, आणि मुद्दाम चुकवलं. अर्ध्यावर मला दाबून धरलं. आपलंच गाणं न येण्याचं सोंग त्याने दुसऱ्यांदा केलं.

"राहू दे सर, त्यांनाच शोधते. त्यांचं वळण आहे, त्यांच्या नावावर जाऊ दे." तिने तिथेच दगडूशेटना फोन लावला, स्पीकरवर.

"टोपीवाला ना?" दगडूशेटचा आवाज पिकला होता, पण ठसका तोच. "ठाकुर्लीचा होता. आमी दादूसच बोलायचो. एक दिवस यायचा बंद जाला."

"का हो, भांडण झालं का?"

"नाय गो बाय. त्याला आमची लाज वाटायची. मना कलायचा ना. पन त्याचे हात कदी लाजले नाय."

विनीतने खांद्यावरचा पट्टा काढला आणि मला हळूच उलटी करून टेबलावर ठेवली. चंदेरी पाठ, आणि तिच्यावर तो आजीचा हात. हळद आता तपकिरी झालेली, पण पाचही बोटं शाबूत.

"दगडूशेट," तो म्हणाला, "दादूस बोलतोय."

पलीकडून दगडूशेट म्हणाले, "गिटारीचा रंग सुकला का रं?"

रसिका हसली आणि तिचे डोळे भरून आले. विनीतला हसताही येईना. कारण देवराम उठून उभा राहिला होता.

"तू हळदीत वाजवायचास?"

"हो."

"आणि मी ड्रम विकले, विन्या. तू बोललेलास ना, लाज जाईल म्हणून. मला वाटलं, एवढा मोठा कलाकार बोलतोय तर खरंच असेल. मी परत काठीला हात नाही लावला. पोरं विचारायची, बाबा, तुम्ही वाजवायचात ना? मी म्हणायचो, छे."

विनीतची मान खाली गेली. "चुकलं माझं" हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेले मला कळले, पण एवढ्या वर्षांच्या नुकसानीपुढे ते फार तोकडे होते, म्हणून बाहेर पडले नसावेत. त्याने पाठ फिरवली होती, त्यामुळे मला त्याचं तोंड दिसलं नाही. बरंच झालं.

देवराम खिडकीपर्यंत गेला. मग येऊन ड्रमवर बसला. "माफबिफ काही केलेलं नाहीये मी," तो म्हणाला. "पण त्या पोरीला तिचं गाणं मिळू दे. उचल ती गिटार." आणि त्याने हळदीचा ठेका धरला.

ते वळण मी पुन्हा घेतलं. आवाज थोडा फाटला. रसिकाने तो तसाच ठेवला. सिनेमात नावं येतील तेव्हा विनीतच्या आधी 'दगडूशेट आणि पार्टी' असं येणार आहे, ते विनीतनेच सांगितलं.

आता मी आमच्या दिवाणखान्यात टांगलेली असते, तोंड भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे. सुमेधाने तशीच टांगली. देवराम अधूनमधून येतो. चहा घेतो, ठेका धरतो, फार बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला पुसा, तारा बदला, त्याला माळ्यावर टाकू नका. रंग लागला तर खरवडायची घाई करू नका. आणि आणखी एक. येणारे-जाणारे माझ्या पाठीकडे बघून विचारतात, "हा हात कोणाचा?" तेव्हा विनीत खाली बघतो, आणि मलाही भिंतीत शिरावंसं वाटतं. त्या आजीने नवऱ्याच्या आधी मला हळद लावली, विनीतला पोटभर जेवू घातलं, आणि आम्ही तिचं नावसुद्धा विचारलं नाही. तुम्ही ज्यांच्या मांडवात वाजवाल, त्यांचं नाव विचारून घ्या.