एक इंच माया

"मावशी, तुमची कोंबडी परत गाडीखाली गेली."

"जाऊ दे. भर रस्त्यात फिरायला निघालेल्या कोंबडीचं दुसरं काय होणार?"

व्यायामवाली मुलगी हसली. तिच्या हुद्द्याचं खरं नाव फिजिओथेरपिस्ट, पण तेवढं म्हणेपर्यंत माझी वेळ संपेल. मला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून दहा आठवडे मी तिच्याकडे येते आहे. मनगटाला पट्टा बांधायचा, टीव्हीसमोर बसायचं आणि हात हलवून पडद्यावरची सोंगं नाचवायची. याला म्हणे उपचार म्हणतात. आमच्या लहानपणी याला रिकामटेकडेपणा म्हणायचे.

मी शर्टांच्या कारखान्यात कापड कापते. कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खुणा करायच्या आणि फिरत्या पात्याने सगळे एका दमात कापायचे. पातं सूतभर सरकलं की ऐंशी शर्ट वाया. एकतीस वर्षांत माझं पातं सरकलेलं नाही. तिथे मला कात्री म्हणतात. हाताला म्हणतात की जिभेला, ते मी कधी विचारलं नाही. मी आजारी पडल्यावर मालकांनी माझं टेबल कोणाला दिलं नाही. "कात्रीबाई येईपर्यंत थांबू," म्हणाले. सोमवारी मला तिथे जाऊन उभं राहायचं होतं. हात चालतो की नाही, एवढाच काय तो प्रश्न. बाकी सगळ्या कोंबड्या.

आणि कोंबडी तरी कसली! हात पुढे केला की ती रस्त्यात, मागे घेतला की कडेला. रस्ता ओलांडून जाते कुठे, तर पुढच्या रस्त्याला. तिला ना घर ना दार, ना अंडं ना पिल्लू. गाडीखाली आली की चार पिसं उडतात आणि बाईसाहेब पहिल्या जागी टवटवीत उभ्या. मेल्याचं कोणाला सोयरसुतक नसेल तर मी तरी रस्ता बघून कशाला ओलांडू?

फुग्यांचा खेळ त्याहून टाकाऊ. समोर फुगे तरंगतात, ते हाताने फोडायचे. पोरांनी फुगा फोडला तर आया धपाटे घालतात, इथे साठीच्या बाईला त्याचे गुण मिळतात. वर टीव्हीच्या आतून एक बाई बोलते. फुगा फुटला की "वा!" आणि हुकला की "छान प्रयत्न!" हुकलेला प्रयत्न छान कसा? बाही वाकडी कापणाऱ्या पोरीला मी "छान प्रयत्न" म्हणत बसले असते, तर गावभर एका हाताचे शर्ट फिरले असते. अशी तोंडपुजी बाई मी जन्मात पाहिली नाही.

गाडीच्या खेळाबद्दल बोलायलाच नको. गाडी भिंतीवर आपटते आणि ओरखडा ना गाडीला ना भिंतीला. हा खेळ बनवणाऱ्याने कधी सायकलसुद्धा चालवली नसावी.

मागच्या महिन्यात व्यायामवाली मोठ्या उत्साहाने आली. "मावशी, खास तुमच्यासाठी शोधून काढलाय. शिवणकामाचा खेळ!"

खोटं कशाला बोलू, मी सरसावून बसले. पडद्यावर गुलाबी कापड, त्यावर ठिपक्यांची रेघ, रेघेवर कात्री. मी हात पुढे नेला. तो थरथरला, कात्री रेघ सोडून चांगली बोटभर बाहेर गेली. आणि कापड मात्र रेघेवरच कापलं गेलं, अगदी सरळ.

"हे काय? मी तर बाहेर कापलं."

"ते सांभाळून घेतं, मावशी."

"कापड कधी सांभाळून घेत नाही, बाळा."

तोवर पडद्यावर फ्रॉक तयारही झाला होता आणि बाहुलीने तो घातलाही होता. मी म्हटलं, "याला माया कुठाय?"

"कोण माया?"

"अगं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ते. उद्या अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं. त्याला माया म्हणतात."

"अय्या, किती गोड!"

"गोडबीड काही नाही. इंचभर असते."

तो खेळ मी पुन्हा लावू दिला नाही. कोंबडीचा मूर्खपणा मी सहन करते, पण माझ्या कामाचा पोरखेळ मला पाहवत नाही.

सगळ्यांत एकच खेळ मला माणसात बसवण्यासारखा वाटला होता, टोपलीचा. वरून सफरचंदं पडतात, हात सरकवून टोपली बरोबर त्यांच्याखाली न्यायची. चाळीसपैकी किती पकडली, तो आकडा शेवटी येतो. तिथेही ती तोंडपुजी बाई बोलतेच, पण आकडा तोंडपुजा नसतो. पहिल्या दिवशी माझे नऊ आले होते. मग चौदा, वीस, सत्तावीस. गेल्या आठवड्यात बत्तीस आल्यावर मी मालकांना फोन करून सांगितलं, सोमवारी येते.

माझे गुण वाढले की आमचे हे मागच्या बाकावरून टाळ्या वाजवतात. जन्मभर वाचनालयात नोकरी केल्यामुळे त्यांच्या टाळीचाही आवाज होत नाही.

त्या शुक्रवारी कोंबडीला मूठमाती देऊन आम्ही टोपली लावली. निम्मा खेळ झाला आणि माझा हात दमून जागच्या जागी थांबला. एक सफरचंद डावीकडून खाली येत होतं. ते गेलं, असं मी धरूनच चालले. पण ते टोपलीत पडलं. मी हात हलवलाच नव्हता.

शेवटी चौतीस आले. "वा! वा!" ती बाई म्हणाली. माझं लक्ष टोपलीवर होतं. एकतीस वर्षं नुसत्या नजरेने इंच मोजणारी मी, आणि इतके दिवस आकड्याकडेच बघत बसले होते. मी उठून पडद्यावर डाव्या हाताची बोटं लावली. पहिल्या दिवशी टोपली चार इंचांची होती, आता पाचाची होती. सफरचंदंही पिसासारखी सावकाश उतरत होती.

"टोपलीला इंचभर माया कोणी सोडली?" मी विचारलं.

मुलगी माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघू लागली. मी वळले. बाकावर टाळ्या थांबल्या होत्या.

"अहो?"

"अगं, नऊ आले त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाहीस," हे म्हणाले. "दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. मग मीच हिला म्हटलं, थोडं सोपं कर."

"एकदाच?"

ते चष्मा पुसायला लागले. "दर आठवड्याला."

"मावशी, सोप्यापासून सुरू करायची पद्धतच असते," मुलगी घाईने म्हणाली. "मी सांगायला हवं होतं. पण काका म्हणाले, तुम्ही खूश आहात..."

"त्या बत्तीसच्या जोरावर मी मालकांना हात बरा आहे, येते, सांगून बसलेय. तिथे ऐंशी थर असतात, अहो. तिथे कोण टोपली मोठी करून देणार आहे मला?"

"मला वाटलं, तोवर हात येईल," हे म्हणाले.

मी खुर्चीत बसले. "पहिल्या दिवशीचं लाव."

"आज नको, मावशी. तुम्ही दमलात. एक दिवस..."

"कापड कापताना दमले तर टेबलाला सांगू का? लाव."

तिने लावलं. सफरचंदं दगडासारखी खाली येऊ लागली. मी हाताला हाका मारत होते आणि हात सावकाश येत होता, बोलावल्यासारखा खरा, पण नेहमी एक पाऊल उशिरा. चाळीस सफरचंदं पडायला तीन मिनिटंही लागली नाहीत. अकरा.

"छान प्रयत्न!"

"एक काठाला लागलं होतं, मावशी. मी बारा लिहिते."

"काठाला लागलेलं बाहेरच असतं. अकरा लिही."

तिने फाइलमध्ये अकरा लिहिलं. मी वाकून पाहिलं, इंग्रजी आकड्यांतले दोन्ही एक रेघेसारखे सरळ होते. दहा आठवड्यांत नवाचे अकरा. मला रडू आलं, चारचौघांत आलं आणि मी ते आवरलं नाही. टीव्हीतली बाई "पुन्हा खेळायचं?" असं विचारत राहिली. शेवटी मुलीने तिचा आवाज बंद केला.

"मालकांना फोन लावा," मी ह्यांना म्हटलं.

"सोमवारी जाऊन बघू तरी एकदा."

"दुसऱ्याच्या कापडावर बघायचं नसतं."

उजवा हात दमून मांडीवरून घसरत होता. डाव्या हाताने मी तो मांडीवर दाबून धरला होता, म्हणून ह्यांनी फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"मालक, कात्री बोलतेय. टेबल दुसरीला द्या. कॉलर कापते ना, ती घाऱ्या डोळ्यांची? तिला द्या. नजर चांगली आहे तिची, फक्त घाई करते. तिला सांगा, कापड अंथरलं की लगेच पातं लावू नको, जरा बसू दे त्याला. आणि पातं धरलं की कोणाशी बोलू नको म्हणावं. माझ्याशीसुद्धा."

मालक म्हणाले, "पण हात बरा आहे म्हणाला होतात ना, कात्रीबाई? किती आहे आता?"

"अकरा."

"अकरा म्हणजे?"

"चाळीसपैकी अकरा. खरे आहेत."

"बरं, तिला देतो टेबल," म्हणून मालकांनी पलीकडून फोन ठेवला. ह्यांनी मात्र तो माझ्या कानाशी तसाच धरून ठेवला होता. मीही काढा म्हटलं नाही.