जोडावरचा हुक

ही गेल्याचं कळलं त्या सकाळी मी भुशाच्या पिशव्या वाफवत होतो. तिचा ताप उतरला म्हणून दोन तासांसाठी घरी आलो होतो. दवाखान्यातून मेहुणीचा फोन आला. तो ठेवून मी घड्याळ बघितलं. पिशव्यांना अजून चाळीस मिनिटं हवी होती. मी चाळीस मिनिटं थांबलो आणि मग निघालो. हे मी कुणाला सांगत नाही. पण अर्धवट वाफवलेल्या पिशव्या टाकून गेलो असतो तर तिनंच मला झापलं असतं.

आमचा धंदा अळंबीचा. वाढवायच्या खोल्या माझ्या, बियाणं तिचं. स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे, तिथं तिच्या बियाण्याच्या काचेच्या नळ्या असायच्या. तपकिरी टोपीची एक जात तिनं स्वतः जुळवली होती. ओढ्याकाठच्या पडलेल्या खोडावरची एक आणि आमच्याकडची जुनी एक, अशा दोन अळंब्यांचे बीजाणू एकत्र वाढवून. सात वर्षं लागली. उकाड्यातही घोसानं यायची. दुसऱ्या कुणाकडे ही जात नव्हती.

ती गेल्यावर मला एका जागी बसवेना. जेवताना उठायचो, अंघोळ अर्धी टाकून नळ बघून यायचो. घरात माणसं होती तोवर निभावलं. माणसं पांगली आणि मी नळ्यांच्या खोलीत शिरलो. तिच्या आजारपणात नळ्या चार महिने तशाच पडून होत्या. बियाणं नव्या नळ्यांत हलवायला हवं होतं. तिला हे करताना मी शंभरदा बघितलं होतं. सुई दिव्यावर तापवायची, गार होऊ द्यायची, बुरशीचा कण उचलायचा, नव्या नळीत ठेवायचा. जुन्या नळ्यांत बुरशीवर पांढरी पूड धरली होती. तिथं सुई नुसती टेकवली तरी भरपूर यायचं, आणि नव्या नळीत झपाट्यानं पसरायचं. ती तीन महिन्यांनी करायची ते मी दर पंधरा दिवसांनी करायला लागलो. हाताला काम मिळालं. तिच्या जुन्या नळ्या पिवळट पडल्या होत्या, त्या उकळून, धुऊन ठेवल्या. वाटलं, चला, जमलं आपल्याला.

त्या बियाण्याच्या पिशव्या भरल्या. आठवड्याभरात दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. अळंबी मात्र एकही नाही. पाणी वाढवलं, कमी केलं, खिडक्या उघडल्या, लावल्या. दोन महिने गेले. शेवटी मेहुणीला बोलावलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. रिक्षात मायक्रोस्कोप मांडीवर घेऊनच आली.

"भावजी, बसा जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी टेबल हलतंय."

"मी बसल्यावर अळंबी येणार आहे का?"

"फिरूनही आलेली दिसत नाही."

मी बसलो. तिनं बराच वेळ भिंगाला डोळा लावला, दुसरी काच घेतली, तिसरी घेतली.

"एकही हुक नाही," ती म्हणाली.

"कसला हुक?"

"बुरशीच्या या तंतूला खण असतात, बांबूच्या पेरांसारखे. ताईच्या जातीत प्रत्येक खणात दोन केंद्रकं होती. एक खोडावरच्या अळंबीचं, एक जुनीचं. ती एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी राहतात. नवा खण पडताना दोघांनाही जागा मिळावी म्हणून जोडावर बारीक हुक तयार होतो. हुक नाही म्हणजे आत एकच राहिलंय."

"आणि दुसरं?"

"सुई कुठं टेकवली होतीत?"

"पुडीत."

तिनं चष्मा काढला. "अहो, पूड म्हणजे त्याच तंतूचे मोडलेले तुकडे. तेही बीजाणूच, पण जोडीविना झालेले. मोडताना बहुतेकांच्या वाट्याला एकच केंद्रक येतं. म्हणून तर ताई कडेचा ताजा तंतू उचलायची. सांगितलं नव्हतं तिनं? उतावळा नवरा..."

आणि तिनं जीभ चावली.

"गुडघ्याला बाशिंग," मी म्हणालो. "पुरी कर की म्हण. तुझी ताई रोज म्हणायची."

ती हसली आणि मग पदर डोळ्याला लावला.

"एकटं जगतं का हे?" मी विचारलं.

"जगतं की. वाढतं, पसरतं. अळंबी तेवढी धरत नाही."

मी उठून मागचा नळ बघून आलो. बंदच होता.

परत आलो तर तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "ताईच्या नळ्या तर तुम्ही उकळल्यात. तिच्या हातच्या पिशव्या कुठं आहेत?"

"अळंबी काढून झाल्यावर ढिगावर टाकल्या. मागं."

दोन दिवस आम्ही ढीग उकरला. तिच्या अक्षरातल्या तारखा असलेल्या अकरा पिशव्या निघाल्या. उन्हानं तंतू मेले होते. पण भुशात जाड सालीचे काही बीजाणू तग धरून होते. हे तंतूच्या मधल्या खणातच तयार होतात, मेहुणी म्हणाली, आणि त्यांच्यात कधी एक केंद्रक असतं, कधी दोन्ही. दोन्ही असलेला एक जरी उगवला तरी जात वाचली. तिनं साठ बीजाणू वेगवेगळ्या साठ थाळ्यांत पेरले आणि मला मायक्रोस्कोप शिकवला.

"वेळेआधी झाकण उघडलंत तर हात तोडीन."

"ताईवर गेलीस अगदी."

"कुणीतरी जायला हवंच ना."

आता ती रविवारी येते, बाकीचे दिवस मी बघतो. एकवीस थाळ्या उगवल्याच नाहीत. पंचवीस उगवल्या, सगळ्या बघून झाल्या, जोड सपाट. उरलेल्यांत तंतू नखाएवढाही वाढलेला नाही. दिवसातून दहादा खोलीत जातो, थाळ्यांसमोर उभा राहतो, हात पाठीमागे बांधून, आणि बाहेर येतो.

चौदा थाळ्या बघायच्या राहिल्या आहेत.