घरजावई

माणसांना नावं ठेवण्यात सगळ्या जगाचा वेळ जातो. तिच्या प्रयोगशाळेत एन्झाइमांना ठेवत. पहिल्याचं नाव होतं पाहुणा. शरीरात यायचं, इकडेतिकडे मिरवायचं आणि काम अर्धवट टाकून निघून जायचं. रक्ताच्या उबेतच त्याची घडी विस्कटे, आणि घडी विस्कटलेलं एन्झाइम म्हणजे खिळा निघालेली कात्री, असून नसून सारखीच. मग तिनं आणि तिच्या मंडळींनी त्याच्या सैल टोकांना टाके घातले, ढिल्या जागा आवळल्या. दुसरं थोडं जास्त टिकलं, त्याला भाडेकरू म्हणू लागले. आणि वर्षानुवर्षांच्या डोकेफोडीनंतर जे तिसरं हाती आलं, ते पेशीत शिरलं की हलायचं नावच घेईना. त्याला घरजावई हे नाव तिच्या मुलानं दिलं.

मुलाला तो हक्कच होता. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी तर चालला होता. त्याच्या शरीरात ते एन्झाइम जन्मापासून बनत नव्हतं, त्यामुळे केर न काढलेल्या घरासारखी एक चरबी पेशींत साठत जायची. लहानपणी तळहातांची, तळपायांची आग व्हायची तेव्हा तो थंड फरशीवर उताणा पडून राहायचा. पुढे मूत्रपिंडांवर बेतणार हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. दोष आला होता तिच्याकडून. तिच्यात त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक शाबूत, म्हणून तिचं निभावलं. मुलग्याला ही प्रत एकच मिळते, तीही आईकडून, आणि पोराच्या वाट्याला नेमकी बिघडलेली आली. लोक कौतुकानं म्हणत, "मुलगा अगदी आईवर गेलाय हो!" ती हसून साजरं करायची, पण ते वाक्य तिला कधी पचलं नाही.

घरात दोघंच. वडील तो लहान असतानाच गेले. दर दुसऱ्या गुरुवारी मायलेक हॉस्पिटलात जायचे. खिडकीजवळची खुर्ची त्याची, तिच्यासमोरचं स्टूल आईचं. पाहुणा थेंबाथेंबानं त्याच्या हातात उतरत असे आणि दुपारभर पत्त्यांचा डाव चाले. एक हात सुईला बांधलेला, तरी दुसऱ्या हातानं हा पठ्ठ्या लबाडी करायचा. भांडणं व्हायची, नर्स ओरडायची. खरं सांगायचं तर तिचा त्या दुपारींवर जीव होता. तरणाताठा मुलगा आईसमोर इतका वेळ एरवी कधी बसतो? आजारानं दिलेली गोष्ट आवडावी याची तिला लाज वाटायची, पण गुरुवार जवळ आला की ती मनातून खूश असायची, हेही खरं.

आणि मुलाचा जीव होता समुद्रावर. जहाजावरच्या विजेच्या कामाचं शिक्षण त्यानं हट्टानं पुरं केलं आणि मग एका दुरुस्तीच्या कारखान्यात अडकून पडला. जहाजांचे जनरेटर त्याच्या हातून नीट होऊन पुन्हा समुद्रावर जायचे, हा मात्र जागच्या जागी. "माझ्यापेक्षा ही यंत्रं नशीबवान," असं तो गमतीनं म्हणायचा, पण बोलताना आईकडे बघायचा नाही. जहाजाची एक फेरी आठ आठवड्यांची. तेवढे दिवस सुईवाचून निघाले तरच नोकरी. कंपनीच्या साहेबानं त्याला हे तोंडावर सांगितलं होतं.

घरजावयाची माणसांवर चाचणी सुरू झाली तेव्हा तोही तिच्यात होता. निकालांवर संशय नको म्हणून आई त्याच्या रक्ताच्या नळ्यांना हात लावत नसे. त्या दुसरीकडे तपासल्या जात. शेवटी सगळे निकाल आले, आणि चाचणीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. बाई जपून पाऊल टाकणाऱ्या होत्या.

"आकडे सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "आठ आठवड्यांनीसुद्धा कुणाच्या पेशीत काही साठलेलं नाही. पण मी आपली जुन्या वळणाची. सहा आठवड्यांनी डोस द्यावा म्हणते. आपल्याला कुठे घाई आहे?"

सहा. म्हणजे जहाज गेलं. म्हणजे सहा आठवड्यांतून एकदा का होईना, गुरुवार राहिले, खिडकी राहिली, पत्ते राहिले. तिला काही खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते उगीच नाही. तिनं समोरचा चहा उचलला, न पिता खाली ठेवला. आणि तिला थंड फरशीवर उताणं पडलेलं ते पोर आठवलं. छताकडे बघत विचारायचं, "आई, जहाजाची फरशी पण अशीच गार असते का गं?"

"आठ," ती म्हणाली. "सहाला काही आधारच नाही. आठ आठवड्यांनीही पेशीत पुरेसं एन्झाइम शिल्लक आहे. मग सगळ्यांना उगाच जास्तीच्या सुया कशाला टोचायच्या?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्ही आई म्हणून सांगताय की संशोधक म्हणून?"

"आई म्हणून बोलले असते, तर सहाच म्हणाले असते."

बाईंनी पुन्हा एकदा आकड्यांवरून नजर फिरवली आणि आठ लिहिलं.

ती घरी आली तेव्हा मुलगा जेवणाच्या टेबलावर पंखा उघडून बसला होता. तिनं सांगितलं. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"म्हणजे मी जाऊ शकतो?"

"जाऊ शकतोस."

त्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. स्क्रू घरभर पसरले. मग तिला खाली ठेवून म्हणाला, "बघ, मी नाव किती बरोबर ठेवलं होतं! घरजावई घरात शिरला आणि घरचा मुलगा बाहेर पडला."

दोघंही पोट धरधरून हसले. तो थांबला तरी तिचं थांबेना, शेवटी तोंड धुवायला म्हणून ती उठली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

जायच्या दिवशी त्यानं बॅग सरळ मुठीत धरून उचलली. पूर्वी हाताची आग व्हायची म्हणून मुठीला रुमाल गुंडाळायचा. तिनं ते पाहिलं आणि तिचं मन भरून आलं. दारात तिच्या सूचना सुरूच होत्या. डोसाची तारीख चुकवू नकोस, उन्हात टोपी घाल, पाणी पी. त्यानं सगळ्याला हो हो केलं, चपळाईनं बूट चढवले.

"आणि राहायला ये हं," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. राहायला ये असं पाहुण्यांना म्हणतात. ज्यांचं घर दुसरीकडे असतं, त्यांना.

एरवी असला शब्द त्यानं सोडला नसता, महिनाभर पुरवला असता. आज त्यानं बॅग खाली ठेवली. "येतो, आई," म्हणाला, आणि बराच वेळ बॅग पुन्हा उचलेना.