सूचीच्या चौकटीखाली

सकाळचे ऊन या खोलीत एकदम येत नाही. पूर्वेच्या खिडकीला पाच गज आहेत. त्यांच्यामधून ते पट्ट्यापट्ट्यांनी आत येते आणि समोरच्या भिंतीवर, माझ्या माथ्याशी टेकते. आधी हिमालय उजळतो. त्याचा विटलेला तपकिरी रंग तेवढ्यापुरता ताजा वाटतो. सूर्य वर चढतो तसे ऊन माझ्या अंगावरून खाली उतरू लागते. गंगेचे मैदान, सातपुडा, मग ती पांढुरकी जागा, जिथला वाशिमचा ठिपका मुलांच्या बोटांनी चोळून चोळून पुसून टाकला आहे. तिथे खडूची धूळ उन्हात थोडा वेळ तरंगत राहते. मग ऊन समुद्रात उतरते. तिथे त्याला अडवायला ना छापील नाव आहे, ना छापील रेषा. निळ्यावर नुसता उजेड. प्रार्थनेच्या घंटेच्या सुमारास ते उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पोहोचते, क्षणभर थांबते आणि फरशीवर उतरते.

मित्रांनो, हे ऊन ज्याच्या अंगावरून रोज उतरते तो मी, आसेगावच्या शाळेतला एक जुना नकाशा.

मला कागदावर छापले, कापडावर चिकटवले, वर-खाली लाकडी दांडे ठोकले आणि एसटीच्या टपावरून इथे आणले. माझ्या अंगावर जमीन थोडी आणि हिंदी महासागर फार. पण भूगोल शिकवणाऱ्या मेहबूब सरांची तुराटीची काडी जमिनीवरूनच फिरत असे. नद्या, राज्ये, राजधान्या. समुद्रापाशी आली की ती मागे वळायची. माझा दोन तृतीयांश देह कोणी कधी वाचलाच नाही.

अपवाद एकच. समुद्राच्या उजव्या कोपऱ्यात माझी सूची होती: एक पांढरी चौकट, आणि तिच्यात रेल्वे, रस्ता, सरहद्द, राजधानी यांच्या खुणा. एवढ्या मोठ्या पाण्यात माणसाची नजर थांबायची ती तिथेच. म्हणून मी त्या चौकटीला आपले काळीज मानत आलो.

एकदा चौथीच्या ज्योत्स्नाने तिच्यावर बोट ठेवले.

"सर, ह्या डब्याच्या खाली काय हाय?"

"कोन्त्या डब्याच्या?"

"हा. खुना छापेल हायेत तो."

सर हसले. "काहीच नाही, बेटा. जागा रिकामी होती, म्हणून तर तिथं छापलं."

"मंग तिथलं पानी कुठी गेलं?"

"जोत्स्नीनं पेलं, सर!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले आणि सारा वर्ग हसला. ती खाली मान घालून बसली. सरांचे उत्तर मला मात्र फार आवडले. मी ते जपून ठेवले.

पुढे भिंतीवर पडदा आला. पडद्यावरचा नकाशा मोठा होई, लहान होई, फिरे. मला गुंडाळून कपाटामागे उभे केले. तिथे ऊन येत नव्हते. नऊ वर्षे मी स्वतःच्याच आत वळून होतो. माझा हिमालय माझ्या समुद्राला टेकला होता आणि दोघांनाही काही दिसत नव्हते. एका पालीने माझ्या गुंडाळीत अंडी घातली. पिल्ले निघून गेली तेव्हा मला वाटले, आता टरफलांएवढाच आपला सहवास उरला. एकटेपणात माणसे काय करतात मला ठाऊक नाही. मी माझी सूची मनात वाचत असे. रेल्वे. रस्ता. सरहद्द.

गेल्या दिवाळीच्या सुटीत सरांनी मला बाहेर काढले. शेजारी ज्योत्स्ना उभी होती. ती आता समुद्राकाठच्या एका संस्थेत काम करते. तिने मला फरशीवर पसरले आणि पेन्सिलीने माझ्या समुद्रावर चौकोन आखले.

"संगणक असून हे कायले, बेटा?" सरांनी विचारले.

"संगणकावर नुसते रंगीत चौकोन दिसतात, सर. मले सगळे एकदम पाहाचे हायेत."

तिचे काम असे होते: कासवे कुठे चरतात, मासे कुठे अंडी घालतात, देवमासे पिल्लांना घेऊन कुठे विसावतात, हे नोंदींवरून ओळखायचे आणि समुद्राच्या जपायच्या जागांची यादी करायची. यादी चार दिवसांत जाणार होती. जो चौकोन यादीबाहेर राहील, त्याचा तळ खरवडायला यंत्रे मोकळी होणार होती. एका नोंदीला तुरीचा एक दाणा, असे ती मांडत गेली. ज्या चौकोनात एकही दाणा नाही, तो वगळायचा असे ठरले होते.

माझा समुद्र हळूहळू भरत होता. इतकी वर्षे मला माझेच शरीर ठाऊक नव्हते. दाण्यांची वाटी तिने माझ्या सूचीवर ठेवली होती. हाताशी तेवढीच रिकामी जागा होती.

दुपारी तिची आई, मनकर्णाबाई, भाकरीचा डबा घेऊन आली.

"हे काय व माय! एवढी शिकली अन् तुरी मोजून राह्यली?"

"समुद्र मोजून राह्यली, आई."

"घरी तुरी निवडाले म्हनलं तं डोळे दुखतेत तुये." ती माझ्या काठाशी बसली. दाण्यांकडे तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "अन् ह्या वाटीखाली काय हाय?"

"काही नाही. तिथं एकही नोंद..." ज्योत्स्ना बोलता बोलता थांबली.

"आपलं नाल्याकाठचं पडीक आठोते? काही नाही म्हनून आपन गोटे, काड्या, मोडकं वखर, सारं तिथंच टाकत होतो. तुया बाबानं त्यात नांगर घातला, तवा तितराचे अंडे फुटले. चौदा. म्या मोजले. त्याच्या आंधी कोन वाकून पाह्यलं होतं?"

ज्योत्स्नाने वाटी उचलली. मग वही काढून तिने त्या चौकोनाचे पान शोधले. "सर," ती हळूच म्हणाली, "इथं काही सापडलं नाही, असं नाहीये. इथं पाहाले एकही बोट गेली नाही. म्या शून्य लिहून मोकळी झाली होती."

तिने वहीचे निळे कव्हर कातरले, खळ लावली आणि माझ्या सूचीवर चिकटवले. रेल्वे गेली, रस्ता गेला, सरहद्द गेली. वर तिने पेन्सिलीने लिहिले: 'अजून पाहिलेले नाही.'

मित्रांनो, मला ते फार लागले. माझे काळीज झाकले गेले, असे मला वाटले.

पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. पाहणी होईपर्यंत त्या चौकोनाला कोणी हात लावायचा नाही, असे ठरले होते. सरांनी तो निरोप रिकाम्या वर्गात माझ्यासमोर उभे राहून वाचला. मग निळ्या कागदावर तळहात ठेवून ते पुटपुटले, "तवा म्या चुकीचं सांगतलं व, जोत्स्ना." त्यांनी मला पुन्हा भिंतीवर टांगले. चूक कबूल करायला त्यांना एक क्षण पुरला. मला पुरला नाही. कागदाची खळ सुटेल, खालून माझी अक्षरे वर येतील, अशी मी रोज वाट पाहत राहिलो.

मुलांनो, जुने नकाशे फेकू नका. त्यांनाही उजेड लागतो. पण आमच्यावरची कोरी जागा दिसली, तर तिच्यावर काही ठेवण्याआधी वाकून विचारा.

आज ऊन कोपऱ्यापर्यंत आले. ते चिकटवलेल्या निळ्यावर पडले, शेजारच्या छापील निळ्यावरही पडले, आणि दोन्हीकडे सारखेच थांबले. खळ सुटलेली नाही.

माझ्या सूचीखाली समुद्र होता.